तत्त्वनिष्ठेचा घरचा हिशेब : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थाने मोंढ्यातील मुनिमाची नोकरी सोडली. शेतकऱ्यांच्या मालाच्या वजनात होणारी तूट वहीत बेमालूम बसवून द्यावी, अशी त्याच्याकडून अपेक्षा होती. त्याच्या मनाला ते पटले नाही. पुढच्या रविवारी मिस्साबलीच्या वेळी, त्याचे नाव न घेता परंतु सर्वांना उमगेल अशा शब्दांत, मी त्याच्या निर्णयाची प्रशंसा केली. मिस्सा संपल्यावर त्याची पत्नी दाराशी थांबली आणि शांतपणे म्हणाली, “फादर, राजीनामा ह्यांनी दिला. किराणा दुकानात उधारी मागायला मात्र मी जाते.” एवढे बोलून ती मुलांना घेऊन निघून गेली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती, नवऱ्याचा निषेधही नव्हता. माझ्या प्रवचनात जे राहून गेले होते ते तिने भरून काढले, इतकेच.

तत्त्वनिष्ठेवर प्रवचन करणारे आम्ही धर्मगुरू अविवाहित असतो. आमच्या निश्चयापायी घास कमी झालाच, तर तो आमच्या ताटातला. संसारी माणसाचे तसे नसते. त्याचे तत्त्व त्याच्या एकट्याच्या मनात जन्म घेते, पण त्याची किंमत साऱ्या घराला चुकवावी लागते. त्या रात्री मी कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढली. विद्यार्थिदशेत हे पुस्तक मी हसत हसत वाचले होते. सेमिनरीत असताना एका धर्मांतराची साक्ष म्हणून वाचले होते. या खेपेस मला त्यात तिसरेच काही दिसले. ते वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा प्रश्न आम्हा जालनेकरांना परका नाही. जालन्याजवळचे बेथेल हे गाव रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर वसविले. या ब्राह्मण तरुणाने 1843 साली मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांकडून स्नानसंस्कार घेतला आणि पुढे आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे जालना परिसरातील दलितांमध्ये वेचली. 1891 साली त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या निष्ठेविषयी कोणाला शंका घेता येणार नाही. परंतु त्याच 1843 साली त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे गेला. तो अजून अजाण वयाचा होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलाला वडिलांच्या हवाली करण्यात आले. मग मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही, यावर मुंबईत वादाचे मोहोळ उठले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे अशी भूमिका घेतली आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. या प्रकरणात तत्त्वासाठी झिजणारे एक नव्हे, दोघे होते. नारायणरावांचे तत्त्व वेगळे, बाळशास्त्रींचे वेगळे. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक. पण ज्या घराचा एक मुलगा कायमचा गेला आणि दुसरा न्यायालयाच्या हुकमाने परत आला, त्या घराचा आवाज इतिहासाच्या पानांत ऐकू येत नाही.

एकोणिसाव्या शतकातील धर्मांतरितांनी आपल्या अंतःकरणातील उलथापालथ पुष्कळ लिहून ठेवली आहे. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे त्यातील ठळक उदाहरण. ही आत्मवृत्ते सत्याच्या शोधात निघालेल्या प्रवाशाची आहेत. मागे दारात उभे राहिलेल्या माणसांची बाजू त्यांत ओझरती येते. ‘स्मृतिचित्रे’चे वेगळेपण नेमके येथे आहे. हे पुस्तक दारात उभ्या राहिलेल्या बाईने लिहिले आहे.

पुस्तकाची जन्मकथाही हेच सांगते. 1919 साली रेव्हरंड नारायण वामन टिळक निवर्तले. पुढे मुलाने, देवदत्ताने, आईकडून वडिलांच्या आठवणी मागितल्या आणि त्यातून हे लेखन आकारास आले. 1934 पासून ते चार भागांत प्रसिद्ध झाले आणि 1936 साली लक्ष्मीबाईंनी इहलोक सोडला. म्हणजे मागितले होते पतीचे चरित्र, आणि हाती आले एका संपूर्ण संसाराचे दर्शन. लेखिकेने शाळेचे तोंड पाहिले नव्हते. तिला अक्षरओळख झाली ती पतीकडून. आपले गद्य कसे दिसते याची चिंता तिला नाही, आणि म्हणूनच ते इतके नितळ उतरले आहे.

आपण हे पुस्तक दोन तऱ्हांनी वाचत आलो आहोत. बहुसंख्य मराठी वाचक ते एका विक्षिप्त कवीच्या आणि त्याच्या हजरजबाबी पत्नीच्या संसाराची खुमासदार कहाणी म्हणून वाचतात. आपण ख्रिस्ती वाचक ते धर्मांतराची विजयगाथा म्हणून वाचतो. दोन्ही वाचने खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. माझ्या मते तत्त्वाने जगणे म्हणजे काय, याची तीन रूपे या पुस्तकात शेजारी शेजारी उभी आहेत, आणि तिसरे रूप स्वतः लेखिकेचे आहे.

पहिले रूप वडिलांचे. 1857 च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याने पछाडले. बाजारातून आलेली वस्तू, अगदी मीठसुद्धा, धुऊन घेतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, असा दंडक. पाणी भरून, धुणी धुऊन आणि धाक सोसून घरातील बायकामुले थकून जात. लक्ष्मीबाई हे प्रसंग अशा काही सांगतात की वाचक हसतो, आणि हसता हसता त्याच्या लक्षात येते की आपण एका घराचा छळ पाहत आहोत. वडील ढोंगी नव्हते. आपल्या समजुतीशी ते अक्षरशः एकनिष्ठ होते. पण ती निष्ठा भयातून आली होती, आणि तिचा सारा भार दुसऱ्यांच्या खांद्यांवर होता. एखादा मनुष्य आपल्या तत्त्वाला कसोशीने जपतो, एवढ्यावरून ते तत्त्व शुद्ध ठरत नाही, हा धडा पुस्तक पहिल्याच प्रकरणांत देते. पुढे टिळकांची कथा वाचताना हा बाप विसरू नये. माझ्या मते लेखिका स्वतः त्याला कधीच विसरलेली नाही.

दुसरे रूप टिळकांचे. हा मनुष्य मोठा कवी, उदार, उतावळा आणि शीघ्रकोपी. मनात आले की घर सोडून निघावे, हातात आलेला पैसा दुसऱ्याच्या हातात द्यावा, आणि चूल कशी पेटेल याचा विचार पत्नीवर सोपवावा, हा त्यांचा स्वभाव. 1893 च्या सुमारास राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना ‘नवा करार’ दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत स्नानसंस्कार घेतला. ती वार्ता येऊन थडकली तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पदरी लहानगा दत्तू होता. त्या काळात धर्मांतरिताच्या पत्नीची अवस्था सधवा असून विधवेसारखी. सुमारे पाच वर्षे हे दांपत्य दुरावलेले राहिले.

येथे समीक्षकाने स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. वडिलांच्या सोवळ्यात आणि टिळकांच्या धर्मांतरात फरक तो कोणता? दोघांच्याही निश्चयाची किंमत घरच्या बाईने भरली. एकाने ती पाण्याच्या घागरींनी वसूल केली, दुसऱ्याने विरहाने. आपण ख्रिस्ती आहोत म्हणून टिळकांना सहज निर्दोष ठरवून मोकळे होणे हे पुस्तकाशी प्रामाणिक होणार नाही. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. त्यांनी भोगलेले दिवस, नातेवाइकांची बोलणी, पोराला घेऊन काढलेल्या रात्री, हे सारे त्यांनी लिहिले आहे, आणि पुढे सर्व काही सुरळीत झाले म्हणून त्यातले काही पुसून टाकलेले नाही.

फरक आहे, तो दुसरीकडे. वडिलांनी आपले सोवळे घरावर लादले. टिळकांनी आपला ख्रिस्त पत्नीवर लादला नाही. पुढे दोघे पुन्हा एकत्र राहू लागले, तेव्हाही लक्ष्मीबाईंचा स्वयंपाक आणि पाणी निराळे होते. ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात त्याची ब्राह्मण पत्नी आपला धर्म सांभाळून राहते आहे, आणि तो ते चालू देतो आहे! स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीसाठी ज्याने जग सोडले, त्याने पत्नीच्या सदसद्विवेकबुद्धीलाही तितकीच जागा ठेवली. उतावळ्या टिळकांचे हे धीराचे वागणे मला त्यांच्या धर्मांतराहून मोठे वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1965 साली धर्मस्वातंत्र्यावरील घोषणापत्रात बजावले की श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती करता येत नाही, आणि सत्य मनात शिरते ते आपल्याच सौम्य सामर्थ्याने. आपल्या ख्रिस्तसभेने ते शब्दांत मांडण्याच्या सहा दशके आधी अहमदनगर जिल्ह्यातील एका घरात दोन चुलींच्या रूपाने ते आचरले जात होते.

आता तिसरे रूप, स्वतः लक्ष्मीबाईंचे. त्यांची तत्त्वनिष्ठा टिळकांसारखी विजेप्रमाणे कोसळत नाही. ती हळूहळू, हातांतून मनात जाते. एके दिवशी विचार करता करता त्यांना जाणवते की माणूस देवाने केला, पण जात काही देवाने केलेली दिसत नाही. ती माणसाचीच करणी असावी. त्या क्षणी त्या ठरवितात की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे आणि प्यायचे. ध्यानात घ्या, हे स्नानसंस्काराच्या आधी घडते. स्नानसंस्कार झाला तो 1900 साली. ज्या मुलीचे बालपण वडिलांच्या सोवळ्याच्या धाकात गेले, तिने सोवळे सोडले, ते पतीच्या आज्ञेने नव्हे आणि धर्मोपदेशकाच्या युक्तिवादानेही नव्हे. तिने एकटीने विचार केला, आणि जे पटले ते त्याच घटकेला आचरणात आणले. पतीच्या मागोमाग गेलेली पतिव्रता, हे लक्ष्मीबाईंचे रूढ चित्र या एका प्रसंगाने पुसले जाते. त्या पतीच्याच मुक्कामी पोहोचल्या खऱ्या, पण स्वतःच्या पायांनी.

आणि एकदा पोहोचल्यावर त्यांनी तत्त्वाचे प्रदर्शन मांडले नाही. अनाथ, निराधार मुलांनी त्यांचे घर भरून गेले. पतीने दया दाखवायची आणि पत्नीने पोळ्या लाटायच्या, अशी ही विभागणी होती, असे कोणी म्हणेल. परंतु त्या मुलांविषयी लिहिताना लक्ष्मीबाईंच्या लेखणीला जे मार्दव येते, त्यावरून ती दया आता त्यांचीही झाली होती हे कळते. 1917 साली टिळकांनी अमेरिकन मिशनची चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. जातिभेद आणि पंथभेद न मानणाऱ्या ख्रिस्तभक्तांचा तो मेळा होता. पुन्हा एकदा घराचे उत्पन्न गेले. पण 1895 च्या लक्ष्मीबाई आणि 1917 च्या लक्ष्मीबाई यांत अंतर पडले होते. पहिल्या वेळी तत्त्व फक्त त्यांचे होते. दुसऱ्या वेळी ते दोघांचे होते. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी पुरे केले, आणि त्यातला फार मोठा भाग त्यांच्याच हातचा आहे. फादर स्टीफन्स यांच्या 1616 च्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून चालत आलेल्या परंपरेत या बाईने आपली ओंजळ घातली, ती कोणाची सावली म्हणून नव्हे.

पुस्तकाचे दोषही सांगितले पाहिजेत. टिळकांच्या निधनानंतरचा भाग सैल आहे. ज्या ताणावर पहिले भाग उभे आहेत तो तेथे उरत नाही, आणि प्रसंग नुसते एकापुढे एक येत राहतात. दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. लक्ष्मीबाईंचा विनोद काही ठिकाणी ढालीसारखा पुढे येतो. जेथे वाचक त्यांच्या दुःखाच्या गाभ्याशी पोहोचणार, तेथेच त्या एखादी कोटी करून विषय बदलतात. टिळकांच्या संतापाचे काही प्रसंग वाचताना मला वाटले की येथे हसणे ही क्षमा आहे की सवय, हे लेखिकेलाही नीट सांगता आले नसते. परंतु या दोषामुळेच पुस्तक विश्वसनीय वाटते. पूर्ण बरी झालेली जखम कोणी असे जपून चालत नाही.

कॅथलिक वाचकाला येथे संत थॉमस मोर यांची आठवण व्हावी. लक्ष्मीबाई आपल्या स्मृती लिहीत होत्या त्याच सुमारास, 1935 साली, पोप अकरावे पायस यांनी त्यांना संतपद दिले. राजा आठव्या हेन्रीपुढे सदसद्विवेकबुद्धी गहाण न टाकल्यामुळे 1535 साली त्यांचा शिरच्छेद झाला. त्यांच्या जावयाने लिहिलेल्या चरित्रात एक प्रसंग आहे. पत्नी ॲलिस तुरुंगात भेटायला येते आणि विचारते की घरी सुखाने राहता येत असताना तुम्ही या उंदरांच्या संगतीत का पडून आहात? शतकानुशतके धर्मोपदेशकांनी हा प्रसंग बाईच्या अडाणीपणाचा दाखला म्हणून सांगितला. मीही सांगितला आहे. परंतु घर सांभाळण्याचे ओझे तिच्यावर होते, आणि तिचा प्रश्न अडाणी नव्हता. ॲलिसने स्वतः स्मृतिचित्रे लिहिली नाहीत. लिहिली असती तर मोर यांचे संतत्व कमी झाले नसते. आपल्याला ते अधिक कळले असते.

शुभवर्तमान या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आपल्यापुढे ठेवते. एकीकडे प्रभू येशू बजावतो की आईबाप, पत्नी, मुले यांच्याहून मला जो अधिक मानीत नाही, त्याला माझा शिष्य होता येणार नाही. दुसरीकडे, आईबापांच्या पोषणासाठी लागणारे धन देवाला वाहिले आहे असे सांगून जबाबदारी टाळणाऱ्यांची तोच प्रभू कडक शब्दांत झाडाझडती घेतो. देवाच्या नावानेही घरच्यांच्या तोंडचा घास काढून घेण्याची मुभा त्याने दिलेली नाही. ही दोन वचने एकमेकांना खोडून काढीत नाहीत. पहिले सांगते की तत्त्वासाठी किंमत मोजावी लागेल. दुसरे विचारते की ती कोणाच्या खिशातून मोजतोस, आणि त्याला विचारलेस का?

‘स्मृतिचित्रे’ हा दुसऱ्या प्रश्नाचा मराठीतील सर्वांत प्रामाणिक ग्रंथ आहे, असे मला वाटते. लक्ष्मीबाई पतीवर खटला भरीत नाहीत आणि त्याची आरतीही ओवाळीत नाहीत. त्या हिशेब लिहितात. जमेच्या बाजूला काय आणि नावे काय, हे दोन्ही रकाने त्यांनी भरले आहेत आणि बेरीज वाचकावर सोडली आहे. माझी बेरीज अशी. जे तत्त्व घरच्यांना विचार करण्याचे स्वातंत्र्य देते, त्यांची वाट पाहते, आणि त्यांनी सोसलेले नाकारीत नाही, ते महाग पडले तरी खरे. जे तत्त्व केवळ आज्ञा करते, ते कितीही कडकडीत पाळले तरी मीठ धुण्यापलीकडे जात नाही.

आपल्या कुटुंबांतून हे पुस्तक मोठ्याने वाचले जावे, अशी माझी इच्छा आहे. पतिपत्नींनी ते मिळून वाचावे, आणि शक्यतो वाचन पत्नीने करावे. माझ्यापुरते सांगायचे, तर मुनिमाची नोकरी सोडणाऱ्या त्या गृहस्थाचे मी आजही कौतुक करतो. त्याने केले ते योग्यच केले. पण पुढे तो विषय पुन्हा प्रवचनात आला, तेव्हा मी आधी त्याच्या घरी गेलो, चहा घेतला, आणि काय सांगू आणि काय नको, हे त्याच्या पत्नीला विचारले. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “उधारी फिटली, तेवढं सांगा.” मी तेवढेच सांगितले.